जुनी स्टीलची एमटीबी (माउंटन बाइक) सामान लादून लांबच्या टूरला न्यायचीय, सुरुवात कुठून करू?

दोनचाकी_९१

नमस्कार मंडळी. मामाची जुनी एमटीबी माझ्याकडे आलीय. स्टीलची आहे, फ्रेमवर ४१३० क्रोमोलीचं (क्रोम-मोलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलचं) स्टिकर अजून शाबूत आहे, बाकी रंग जागोजागी उडालाय. १९९०-९१ च्या आसपासची असावी. पुढचा चिमटा (फोर्क) साधा, सस्पेन्शन नाही. ब्रेक कॅन्टिलिव्हर (दोन बाजूंनी रिमवर दाबणारे), मागे ७ गिअर आणि पुढे ३ (दात मोजले, २६-३६-४६), शिफ्टर हँडलच्या वर बसणारे अंगठ्याने ढकलायचे. चाकं २६ ची, दोन्हीला ३६ आरे. बरीच वर्षं कोपऱ्यात उभी होती, टायर वाळून तडकलेत, पण पॅडल मारलं तर मागचं चाक फिरतंय.

मला हिच्यावर तीन आठवड्यांची टूर करायचीय. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, कपडे, पाणी सगळं धरून २० ते २२ किलो सामान होईल, माझं वजन ७४. रस्ते बहुतेक डांबरी पण मधेमधे कच्चे आणि चढ भरपूर. डोक्यात यादी अशी आहे की ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं), पुढे सस्पेन्शनचा चिमटा, डिस्क ब्रेक, नवे गिअर आणि मागेपुढे कॅरिअर. एका ओळखीच्याने सांगितलं की एवढं करण्यापेक्षा नवीन टूरिंग सायकल घे. पण लहानपणी मामाने याच सायकलच्या दांडीवर बसवून मला फिरवलंय, त्यामुळे ती बदलायचा विचार नाही. टूर करायची तर हिच्यावरच. यातलं आधी काय करू, आणि काही चुकतंय का तेही सांगा.

ग्रीसचे_हात

सायकल छान मिळालीय तुम्हाला. त्या काळातल्या क्रोमोली एमटीबी आणि टूरिंग सायकली या जवळजवळ सख्ख्या बहिणी. चाक मजबूत, गिअर हलके, जाड टायरला जागा आणि बऱ्याच फ्रेमना कॅरिअरची भोकं कारखान्यातूनच असतात. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली, मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली एमटीबी म्हणतात ती हीच, आणि तिथून पुढची दहाएक वर्षं बहुतेक एमटीबी साध्या चिमट्याच्याच होत्या. म्हणजे तुमची फ्रेम मुळात साध्या चिमट्यासाठीच काढलेली आहे. तिच्यात आजचा सस्पेन्शन चिमटा बसवला तर तो उंच पडतो, सायकलचं तोंड वर उचललं जातं, हेडचा अँगल बदलतो आणि हँडल सुस्त होतं. त्यावर पुढचं कॅरिअर नीट बसत नाही ते वेगळंच. जुना चिमटा ठेवा. डिस्क ब्रेकचाही विचार सोडा, फ्रेमला त्याचे माउंट नाहीत आणि वेल्डिंग करून लावायला जाऊ नका, मागचा तो पातळ पाइप आणि पुढचा चिमटा डिस्कचा जोर घ्यायला बनवलेलेच नाहीत.

आता यादी बाजूला ठेवा आणि एकही पार्ट घ्यायच्या आधी फ्रेम तपासा. सगळं उघडा, म्हणजे खरंच सगळं. सीटपोस्ट आणि हँडलचा स्टेम निघतोय का ते पहिलं बघा. स्टीलच्या पाइपात ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षं न हलवता राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. गंज सोडवायचं तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, पुन्हा सोडायचं, दोन-तीन दिवस असंच करायचं, आणि फिरवताना हळूहळू दोन्ही बाजूंना. हातोडा नको. निघाला की त्याचा साइज लिहून ठेवा, २६.६ की २६.८ की २७.२ हे पुढे लागतं, ०.२ मिलीमीटरचा फरकही तिथे चालत नाही.

मग बॉटम ब्रॅकेट (फ्रेमच्या तळाशी पॅडलचा आस फिरतो तो भाग) काढा. उजव्या बाजूचा कप उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, हे विसरून लोक उलटा आवळतात आणि आटे घालवतात. आत टॉर्च मारून बघा, पाणी सगळं तिथेच येऊन साठतं. वरवरचा तांबडा गंज असेल तर काळजी नाही, घासा, गंजरोधक तेल फिरवा. पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पोपडा निघाला किंवा पत्रा दबला तर ती फ्रेम सामान लादायच्या लायकीची राहिलेली नाही. हेडट्यूबच्या (चिमटा जिच्यातून वर जातो त्या पुढच्या आखूड पाइपाच्या) मागे, खालच्या पाइपाच्या पोटाखाली रंगाला फुगा किंवा आडवी सुरकुती आली असेल तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. तिथे बोट फिरवून बघा, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

शेवटी दोऱ्याची परीक्षा. मागचं चाक काढून एका ड्रॉपआउटला (एक्सल बसतो त्या खाचेला) दोरा बांधा, पुढे नेऊन हेडट्यूबला वळसा घाला आणि दुसऱ्या ड्रॉपआउटला आणून ताणून बांधा. सीटच्या पाइपापासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एक-दीड मिलीमीटर फरक मी सोडून देते, त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रेम सरळ करून घ्यावी लागेल, आणि स्टीलची असल्यामुळे करता येते. त्याच वेळी मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर मोजा, १३० की १३५, आणि बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर पण. हे तीन आकडे इथे टाका, मग बोलू.

सरळहँडल

ड्रॉप हँडलबद्दल एकच सांगतो, कारण हे मी स्वतः करून मग काढून टाकलंय. एमटीबीचा वरचा पाइप रोडच्या सायकलपेक्षा लांब असतो कारण ती सरळ हँडल धरूनच काढलेली असते. ड्रॉप लावलं की हात ठेवायची जागा अजून आठ-दहा सेंटीमीटर पुढे जाते, मग स्टेम अगदी आखूड लावा, उंच लावा, तरी दिवसभर ताणूनच बसायला होतं. त्यात ब्रेकचे लिव्हर बदला, शिफ्टर बदला. कॅन्टिलिव्हर असल्यामुळे साधे रोडचे लिव्हर चालतील हे खरं आहे, दोन्ही कमी केबल ओढणारे आहेत, व्ही-ब्रेक असते तर तेही जमलं नसतं, त्याला जास्त केबल ओढणारे वेगळे लिव्हर लागतात. पण एवढं करून माझी पाठ दुखायला लागली ती लागलीच. आता सरळ हँडल, पण मागे वळण जास्त असलेलं, आणि टोकांना बार एंड (पुढे निघालेली छोटी शिंगं). हात ठेवायच्या तीन जागा मिळतात. तुमचे ते अंगठ्याचे शिफ्टर कोणी कितीही सांगितलं तरी टाकू नका, का ते गिअरवाला कोणी सांगेलच.

छत्तीस_आरे

ताईंनी फ्रेमचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त मागच्या चाकावर लिहितो, जरा लांब होईल. टूरवर लोक अडकतात ते फ्रेम तुटून नाही. नव्वद टक्के वेळा मागचं चाक असतं, आणि तेही गिअरच्या बाजूचं.

पहिली गोष्ट, तुमच्या मागच्या चाकावर फ्रीव्हील आहे की फ्रीहबवर कॅसेट, हे ओळखा. ७ स्पीडमध्ये दोन्ही असायचं. चाक काढा, गिअरची चक्रं हाताने उलटी फिरवा आणि मधोमध पाना लावायच्या खाचा असतात त्यांच्याकडे बघा. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, चक्रं फिरली आणि खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हील असेल तर त्या हबवर २० किलो लादू नका. कारण असं की फ्रीव्हील हबवर बाहेरून आट्यांनी चढवलेलं असतं, त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे (बेअरिंगचे गोळे) त्याच्या आत, बरेच मधे राहतात, आणि तिथपासून फ्रेमपर्यंत एक्सलचा तीनचार सेंटीमीटरचा तुकडा कशाचाही टेकू नसलेला लोंबकळतो. वरून वजन आणि खालून खड्डा, की तो वाकतो. मग एक दिवस तुटतो. फ्रीहबमध्ये उजवे छर्रे पार फ्रेमजवळ नेलेले असतात म्हणून तोच एक्सल टिकतो. एक्सल वाकलाय का बघायचं तर बाहेर काढून काचेवर ठेवा आणि बोटाने हळू लोटा. सरळ असेल तर गुळगुळीत पळतो, वाकलेला असेल तर लंगडतो आणि टोक वरखाली होताना दिसतं.

दुसरं रिम. तुमचे ब्रेक रिमवरच चालतात म्हणजे रिम दरवेळी थोडी थोडी घासली जाते. स्टीलची पट्टी रिमच्या बाजूवर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मधे फट दिसली, म्हणजे भिंत आत खोलगट झालीय, तर ती रिम संपली. हवेच्या दाबाने अशी भिंत फाटते आणि ती फाटते तेव्हा चढाला नाही, उतारावर ब्रेक दाबून तापलेली असतानाच फाटते. खोलगट रिमवर सामान लादून जाणाऱ्याला मी थांबवतोच, ओळख असो नसो.

तिसरं आरे. ३६ आरे बरोबर आहेत, तेच ठेवा. नवं चाक विणून घेणार असाल तर डबल बटेड घ्या, दोन्ही टोकांना २ मिलीमीटर आणि मधे १.८ चे. मधला भाग बारीक म्हणजे कमजोर असं वाटतं पण उलट आहे, तो बारीक भाग थोडा ताणला जातो आणि झटका वळणाच्या जागेवर, हबच्या भोकाशी कमी येतो, आणि आरे तुटतात ते तिथेच. दुसरी गोष्ट ताण. मशीनवर विणलेल्या चाकात ताण कमी असतो, रिकामी सायकल चालते, सामान लादलं की एकेक आरा दर फेरीला सैल-घट्ट सैल-घट्ट होत राहतो, आणि तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण तसा तो तुटतो. एका बाजूचे आरे नखाने छेडून बघा, साधारण एकच सूर आला पाहिजे. उजव्या बाजूचा सूर डावीपेक्षा उंच येणार, कारण गिअरला जागा द्यायला चाक एका अंगाला ओढलेलं असतं, ते बरोबरच आहे. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून झाला की समांतर जाणारे दोन दोन आरे मुठीत धरून चांगले आवळा, सगळे. कटकट आवाज येईल, आरे आपापल्या जागी बसतात, मग परत आउट काढा. हे तीन-चार वेळा. ज्याला चाक विणायला द्याल त्याच्याजवळ बसून हे करून घ्या.

बरोबर घ्यायला तीन-चार आरे जास्तीचे, उजव्या मागच्या लांबीचे, मागच्या पाइपाला टेपने चिकटवून ठेवा. आणि कॅसेट सोडवायचा छोटा टूल. उजवीकडचा आरा तुटला तर कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही, आणि तुटणार तो उजवीकडचाच.

टायर घेताना आकडा नीट वाचा. तुमच्या रिमवर ५५९ लिहिलेलं टायर बसतं. नुसतं २६ बघून आणू नका, २६ × १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं टायर ५९० चं असतं, पावकिलोमीटर लांबून सारखंच दिसतं पण बसत नाही. १.७५ ते २ रुंदीचं, मधे गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेलं घ्या. श्वाल्बेचं मॅरेथॉन टूरवाल्यांचं जुनं आवडतं आहे, जड आहे पण काटे कमी घुसतात.

चढाचा_माणूस

गिअरचं मी सांगतो. २६-३६-४६ चा तो क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढची चक्रं) उत्तम आहे, ठेवा. मागचं सगळ्यात मोठं चक्र त्या काळच्या मानाने २८ चं असेल असं धरतो. २६ पुढे आणि २८ मागे म्हणजे एका फेरीला सायकल १.९ मीटर जाते, (२६ च्या चाकाचा घेर २.०५ मीटर धरलाय). मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर ताशी ६.८ किलोमीटरने चढावं लागेल. रिकाम्या सायकलवर ठीक आहे. २२ किलो सामान घेऊन तिखट चढावर तेवढा वेग राहत नाही, मग फेऱ्या ४० वर येतात, आणि तिथून गुडघे बोलायला लागतात.

आता पुढचं छोटं चक्र २६ चं काढून २४ चं टाका आणि मागे ३४ चं. एका फेरीला १.४५ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी ५.२. पायी चालण्यापेक्षा थोडंसंच जास्त, पण बसून, श्वास न फुलता. सामानाच्या सायकलला हेच हवं. २४ पेक्षा लहान मागू नका, तुमच्या क्रँकच्या छोट्या चक्राचे बोल्ट बहुतेक ७४ मिलीमीटरच्या वर्तुळात असतील, आणि त्यावर २४ च्या खाली बसतच नाही. मोजून घ्या.

मागे ८ स्पीडची ११-३४ कॅसेट घ्या, चेन पण ८ ची, जाड असते, टिकते. आता शिफ्टर ७ चे आहेत त्याचं काय, तर सरळहँडलभाऊ म्हणाले ते यासाठीच. त्या अंगठ्याच्या बऱ्याच शिफ्टरना एक फिरकी असते, ती फिरवली की टकटक बंद होतं आणि शिफ्टर नुसता घर्षणावर चालतो. मग ७, ८, ९ काहीही असो, कानाने गिअर लावायचा. दोन दिवसांत हात बसतो. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) पडून हँगर (तो टांगलेला असतो तो तुकडा) वाकला, केबल ताणली गेली, तरी गिअर लागतच राहतात, आणि टूरवर मला यापेक्षा मोठं सुख माहीत नाही. मागचा डिरेलर मात्र लांब पिंजऱ्याचा, ३४ पर्यंत पोचणारा नवा घ्या. हिशोब करा, पुढचा फरक ४६ वजा २४ म्हणजे २२, मागचा ३४ वजा ११ म्हणजे २३, बेरीज ४५. डिरेलरच्या कपॅसिटीत हा आकडा बसला पाहिजे. ९ स्पीडच्या काळातले एमटीबीचे लांब पिंजऱ्याचे डिरेलर यात बसतात. चेनची लांबी कापताना मोठ्यावर मोठं ठेवून मोजा, नाहीतर एक दिवस चुकून ४६-३४ लागेल आणि डिरेलर उपटून येईल.

दोनचाकी_९१

सगळ्यांचे मनापासून आभार, तुम्ही लिहिलेलं छापून भिंतीवर लावलंय. दोन आठवडे लागले, आता आकडे.

सीटपोस्ट चौथ्या दिवशी सुटला, २६.८ आहे. बॉटम ब्रॅकेटच्या आत तांबडी माती निघाली पण पत्रा शाबूत आहे. हेडट्यूबच्या मागे सुरकुती नाही, डोळे मिटून तीन वेळा बोट फिरवलं. दोऱ्याचा फरक १ मिलीमीटर. ड्रॉपआउटमधलं अंतर १३०. बॉटम ब्रॅकेट ते एक्सल ४३ सेंटीमीटर. कॅरिअरची भोकं खाली ड्रॉपआउटला एकेकच आहे, वर सीटजवळ दोन आहेत. चिमट्याला खाली एकेक, मधे काही नाही.

आणि फ्रीव्हीलच निघालं. एक्सल काढून काचेवर लोटला. छत्तीस_आरे, तुम्ही लिहिलंत तसाच लंगडला. अर्धा फेरा शांत, मग टोक उठायचं, पुन्हा शांत. मी पंधरा मिनिटं नुसता तो लोटत बसलो होतो. हाच एक्सल टाकून मी पुढच्या महिन्यात निघणार होतो. रिमच्या बाजूवर पट्टी धरली तर मागच्या रिमला फट आहे, पुढच्याला नाही.

म्हणजे मागचं चाक पूर्ण नवं. फ्रीहबचे सगळे हब १३५ चे मिळतायत आणि माझी फ्रेम १३०. काय करू?

ग्रीसचे_हात

स्टील आहे, म्हणून प्रश्न सुटतो. ५ मिलीमीटर म्हणजे बाजूला अडीच. काही जण हाताने फाकवून चाक घालतात तसंच, चालतं, पण दर वेळी पंक्चरला ओढाताण होते आणि ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत, एक्सलवर तिरका जोर येतो. फ्रेम कायमची १३५ करून घ्या. दोन नटांचा लांब स्क्रू मधे घालून फाकवणारे असतात, तसं करू नका, जी बाजू मऊ ती एकटीच सगळी वाकते आणि दोरा बिघडतो. एकेक बाजू वेगळी करायची. फ्रेम आडवी, लाकडाची जाड फळी सीटच्या पाइपाला टेकवून त्या तरफेने एका बाजूचा पाइप बाहेर ओढायचा, सोडायचा, मोजायचा, दोरा बघायचा. स्टील परत येतं म्हणून हव्या त्यापेक्षा जास्त ओढावं लागतं, आणि सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं, घाई करायची नाही. मग दुसरी बाजू. शेवटी ड्रॉपआउट समांतर आणि डिरेलरचा हँगर सरळ करून घ्यायचा, त्याचं गेज चांगल्या मेकॅनिककडे असतं. कधी केलं नसेल तर फ्रेमवर काम करणाऱ्याकडूनच करवा, तुम्ही बाजूला दोरा धरून उभे राहा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हे कधीही करायचं नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

पुढचा हब ठेवताय तर उघडून धुवा, छर्रे नवे घाला, पुढे ३/१६ इंचाचे एका बाजूला १० येतात. वाटीत बारीक खड्डे पडले असतील तर मात्र तोही गेला. कोन (छर्ऱ्यांवर बसणारे एक्सलवरचे नट) आवळताना चाक काढून एक्सल बोटांत फिरवायचा, खरखर नको आणि डुगडुग पण नको, क्विक रिलीज असेल तर अगदी किंचित डुगडुग ठेवायची, आवळल्यावर ती जाते.

भोक एकच आहे त्याची काळजी नको. मडगार्डची तार आणि कॅरिअर एकाच लांब बोल्टवर बसतात, कॅरिअर फ्रेमला लागून आत, तार बाहेर. उजवीकडचा बोल्ट आतून किती बाहेर आलाय ते बघा, सगळ्यात लहान गिअरवर चेन टाकून फिरवा. बोल्टचं टोक दोन मिलीमीटर जास्त आलं तरी चेन त्याला घासते. आट्यांवर लॉकचं द्रव्य लावा, आणि त्याच मापाचे, एम५ चे, चार बोल्ट जास्तीचे घ्या.

कॅन्टिलिव्हर ठेवताय ना? मग मागेपुढे मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरचा ब्रॅकेट काहीतरी असायलाच हवं. मुख्य केबल तुटली तर दोन्ही ब्रेकना जोडणारी मधली तार खाली टायरवर पडते, टायर तिला ओढतं आणि पुढचं चाक जागच्या जागी जाम होतं. ब्रॅकेट असला की तार त्यावर अडकते.

दोनचाकी_९१

फ्रेम १३५ झाली, मी दोरा धरून उभा होतो. आता दोऱ्याचा फरक जवळपास शून्य आहे, म्हणजे आधीपेक्षा बरा. मागचं चाक ३६ डबल बटेड, २४ चं छोटं चक्र, ८ स्पीड, सगळं लागलं. हँडल सरळच, मागे वळलेलं, बार एंडसकट. शिफ्टर घर्षणावर टाकलेत, पहिला दिवस खडखडाटात गेला, आता जमतंय.

काल पहिल्यांदा सगळं सामान मागच्या कॅरिअरवर, दोन बॅगा आणि वर तंबू, असं २१ किलो लादून ४० किलोमीटर गेलो. चढ मजेत. पण दोन गोष्टी. दर फेरीला टाच बॅगेला लागते. ती थांबवायला बॅगा मागे सरकवल्या, टाच सुटली, पण मग उतारावर ताशी ३५ च्या आसपास हँडल थरथरायला लागलं, आधी हळू आणि मग एकदम जोरात. दोन्ही हातांनी घट्ट धरलं तर अजूनच वाढलं. कसाबसा थांबलो. घाबरलो होतो, खरं सांगतो. फ्रेम वाकडी झाली का?

छत्तीस_आरे

फ्रेम नाही, वजन. ४३ सेंटीमीटरची फ्रेम टूरिंगसाठी आखूडच, खास टूरच्या सायकलला ४५-४६ असते, त्या दोन-तीन सेंटीमीटरची किंमत तुमची टाच मोजतेय. बॅगा मागे सरकवल्या म्हणजे ते सगळं वजन एक्सलच्या मागे गेलं, पुढचं चाक हलकं पडलं, आणि शेपूट डुलायला लागली की हँडल तिच्याबरोबर डुलतं. पुन्हा असं झालं तर हँडल आवळू नका, हात सैल सोडा (काढायचे नाहीत), दोन्ही गुडघे वरच्या पाइपाला दाबून धरा आणि मागचा ब्रेक हळू. गुडघ्यांनी थरथर मरते.

इलाज म्हणजे पुढे कॅरिअर, खालच्या पातळीवरचं, बॅगा एक्सलच्या उंचीला येतील असं. ८ किलो पुढे, दोन्ही बाजूंना अगदी सारखं, जड वस्तू म्हणजे स्टोव्ह, हत्यारं, खायचं सामान तिथे. तंबू मागे वर ठेवलात तो खाली उतरवा किंवा कॅरिअरच्या अगदी पुढच्या टोकाला, सीटला चिकटवून बांधा. मग मागच्या बॅगा छोट्या घेता येतील, आणि खालच्या पुढच्या कोपऱ्याला तिरकी कापलेली बॅग घेतली तर टाचेला जागा मिळते, सरकवायला लागत नाही. हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंग) पण तपासा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हेडट्यूबपाशी टुकटुक लागली तर आवळून घ्या, नुसती तेवढी ढिलाई पण थरथर आणते.

दोनचाकी_९१

हेडसेटमध्ये टुकटुक होती, हाताला लागली! आवळला. पण चिमट्याला मधे भोक नाही, खालचं कॅरिअर लावू कसं?

ग्रीसचे_हात

रबर लावलेला पी आकाराचा क्लॅम्प येतो, चिमट्याच्या पायाभोवती गुंडाळून बोल्टने आवळायचा. पाय वरून खाली निमुळता होत जातो म्हणून क्लॅम्प नेमक्या जागेच्या जाडीचा घ्या, मोठा घेऊन रबर भरू नका, तो भाराने खाली घसरतो. कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. भोकं मारू नका, चिमट्याला भोक मारायचं नाही म्हणजे नाही. खालचा बोल्ट ड्रॉपआउटच्या भोकात असल्यामुळे वजन तोच घेतो, क्लॅम्प फक्त कॅरिअर डुलू देत नाही. क्लॅम्पच्या वरच्या कडेला चिमट्यावर पेनाने रेघ मारा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर बघा, क्लॅम्प रेघेखाली गेला असेल तर परत आवळा.

दोनचाकी_९१

रेघ मारलीय, पांढऱ्या पेनाने. पुढे ८, मागे १३, तंबू सीटला चिकटून. आज त्याच उतारावरून परत आलो, ४२ पर्यंत गेला वेग, एक हात सोडून पाण्याची बाटली काढली तरी हँडल जागचं हललं नाही. टाच बॅगेपासून दोन बोटं लांब आहे. ११५ किलोमीटर झाले, क्लॅम्प रेघेवरच आहे. शुक्रवारी पहाटे निघतोय.